किल्ल्यांचा जुडगा, कार्ड आणि क्लाउड : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

कारखान्यांच्या सुरक्षिततेविषयी या सदरात पूर्वी लिहिताना क्लाउडवर चालणाऱ्या प्रवेश-नियंत्रण यंत्रणेचा, म्हणजे ॲक्सेस कंट्रोलचा, ओझरता उल्लेख आला होता. त्यावर कोल्हापूर शहरातून आणि शिरोली, गोकुळ शिरगाव व कागलच्या औद्योगिक वसाहतींतून पत्रे आली. शंका एकमेकींत गुंतलेल्या असल्याने निवडक पत्रांचा सारांश देऊन उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमची फाउंड्री शिरोलीत, मशीन शॉप उद्यमनगरात आणि नवे युनिट कागलच्या पंचतारांकित वसाहतीत आहे. तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या कंपन्यांची कार्ड मशीन आहेत, तर पॅटर्न स्टोअर आणि फेरो-अलॉयच्या खोलीला अजून साधे कुलूप आहे. विक्रेते म्हणतात, सगळे क्लाउडवर घ्या. त्यातून आम्हांला नेमका कोणता फायदा होईल?
— एक उद्योजक, शिरोली

उत्तर : आधी यंत्रणेचे भाग पाहू, म्हणजे फायदा कोठून येतो हे कळेल. दाराबाहेर रीडर असतो. तो कार्ड, बोट, चेहरा किंवा मोबाइल वाचतो. दाराच्या आतल्या बाजूला, बहुधा छताजवळ, कंट्रोलर असतो. समोरच्या माणसाला या वेळी या दारातून सोडायचे की नाही हे तो ठरवतो आणि त्याप्रमाणे ईएम लॉक (विद्युतचुंबकाने दार धरून ठेवणारे कुलूप) किंवा विजेवरची कडी उघडतो. तिसरा भाग म्हणजे परवानग्या ठरवणारे आणि नोंदी साठवणारे सॉफ्टवेअर. आपल्याकडे ते आज बहुधा तीन युनिटांतल्या तीन संगणकांवर असेल. क्लाउड पद्धतीत रीडर, कंट्रोलर आणि लॉक जागच्या जागी राहतात. फक्त हा तिसरा भाग सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये जातो आणि आपण तो संगणकावरच्या ब्राउझरमधून किंवा मोबाइलवरून वापरता. पूर्वी बँकेच्या प्रत्येक शाखेची खातेवही स्वतंत्र असे आणि शाहूपुरीतल्या खात्याचे काम राजारामपुरीच्या शाखेत होत नसे. कोअर बँकिंग आले आणि खाते शाखेचे न राहता बँकेचे झाले. कामगाराच्या परवानगीबाबत येथे तोच बदल घडतो.

आपल्यासारख्या धंद्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो फायदा परवानगी काढून घेण्याचा आहे. फाउंड्रीत मोल्डिंग, कोअर शॉप, फेटलिंग या विभागांत कंत्राटी माणसे मोठ्या संख्येने असतात, कंत्राटदार बदलतात, एका युनिटचा माणूस दुसऱ्या युनिटला मदतीला जातो. अशा वेळी काम सोडून गेलेल्या माणसाचे कार्ड शिरोलीत बंद होते, पण उद्यमनगरातल्या संगणकावर ते बंद करायचे राहून जाते. आणि कुलपाची किल्ली परत मिळाली तरी तिची नक्कल झालेली नाही, याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. क्लाउडवर त्या माणसाची नोंद एकच असते. ती बंद केली की तिन्ही ठिकाणचे कंट्रोलर जोडलेले असतील तर काही क्षणांत सर्व दारांवर तिचा अंमल होतो. त्याहून चांगली सोय अशी की, कंत्राट संपण्याची तारीख परवानगी देतानाच भरून ठेवता येते आणि त्या दिवसानंतर कार्ड आपोआप चालेनासे होते.

पॅटर्न स्टोअरचा विचार तर स्वतंत्रपणे करावा. तिथले पॅटर्न, म्हणजे ज्यांवरून ओतकामाचा साचा घेतात ते नमुने, बहुतेक वेळा ग्राहकाच्या मालकीचे असतात, त्यांच्याबरोबर ग्राहकाची ड्रॉइंग असतात आणि एखादा पॅटर्न गहाळ झाला तर नुकसानभरपाईपेक्षा विश्वास गमावल्याचा फटका अधिक बसतो. फेरो-अलॉय (लोखंडाचे मिश्रधातू), निकेल, तांबे या वस्तू आकाराने लहान आणि किमतीने मोठ्या. अशा खोल्यांसाठी ठरावीक माणसे, ठरावीक पाळी आणि प्रत्येक प्रवेशाची वेळेसह नोंद एवढे मिळाले तरी अर्धे काम होते. आपल्याला सगळ्या दारांना यंत्रणा लावण्याची घाई नसेल तर या दोन खोल्यांपासूनच सुरुवात करावी.

दुसरा फायदा विक्रीच्या पत्रकांत फारसा दिसत नाही, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. भट्टीशेजारी अपघात झाला किंवा आग लागली, तर बाहेर जमलेल्या लोकांत कोण नाही हे सर्वांत आधी कळावे लागते. हजेरीचा संगणक त्याच इमारतीत असेल तर त्या क्षणी यादी हाती येत नाही. नोंदी बाहेर साठवलेल्या असतील तर सुपरवायझरला गेटबाहेर उभे राहून मोबाइलवर आत असलेल्यांची यादी पाहता येते. मात्र त्यासाठी आत येताना आणि बाहेर जाताना, दोन्ही वेळा कार्ड दाखवण्याची शिस्त हवी. एकाच्या कार्डावर चौघे आत शिरत असतील तर ती यादी धोकादायक ठरते, कारण तिच्यावर विसंबून शोध थांबवला जाईल.

तिसरी बाब तांत्रिक आहे. कारखान्यातला सर्व्हर बाहेरून पाहता यावा म्हणून स्थिर आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) घेऊन राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट, उघडण्याची प्रथा आपल्याकडे सर्रास आहे, आणि असे उघडे पोर्ट शोधणारी सॉफ्टवेअर जगभर दिवसरात्र चालू असतात. चांगल्या क्लाउड यंत्रणेत कंट्रोलर स्वतःहून बाहेरच्या सर्व्हरशी कूटबद्ध संपर्क साधतो, त्यामुळे बाहेरून आत येणारी वाट उघडी ठेवावी लागत नाही. सॉफ्टवेअरच्या सुधारणा आणि बॅकअप हेही सेवा देणाऱ्याकडे जाते. लेखा विभागाच्या कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर ते वर्षानुवर्षे होत नाही, हे आपणही जाणता.

या सर्वांना एक अट आहे. माणूस काम सोडून गेला हे यंत्रणेला कोणीतरी सांगावे लागते. ते काम एका नावावर नेमून द्यावे, आणि कंत्राटदाराचे शेवटचे बिल मंजूर करण्यापूर्वी त्याच्या माणसांची कार्डे बंद झाल्याची यादी त्या बिलाला जोडण्याचा नियम करावा.

प्रश्न : आमचे गोदाम लक्ष्मीपुरीत आहे. पावसाळ्यात लाइट जाते, नेट तर केव्हाही जाते आणि २०१९ व २०२१ चे महापूर आम्ही अनुभवले आहेत. क्लाउड बंद पडला तर माणसे आत अडकतील, की दारे सताड उघडी राहतील?
— एक व्यापारी, लक्ष्मीपुरी

उत्तर : आपल्या प्रश्नात इंटरनेट, वीज आणि पूर अशा तीन बाबी आहेत आणि तिन्हींची उत्तरे वेगळी आहेत.

इंटरनेट गेल्यावर काय होते, हे निर्णय कोण घेतो यावर अवलंबून असते. चांगल्या यंत्रणेत परवानग्यांची प्रत कंट्रोलरच्या स्वतःच्या स्मृतीत असते. कार्ड समोर येताच तो तिथल्या तिथे निर्णय घेतो, नोंद स्वतःजवळ साठवतो आणि संपर्क परत आल्यावर ती वर पाठवतो. नेट नसलेल्या काळात नवीन परवानगी देता येत नाही, जुनी काढून घेता येत नाही आणि दुरून दार उघडता येत नाही. बाकी दैनंदिन कामात फरक पडत नाही. काही स्वस्त उपकरणे मात्र प्रत्येक वेळी दूरच्या सर्व्हरला विचारतात. अशी उपकरणे कितीही आकर्षक दरात मिळाली तरी व्यवसायाच्या दारावर लावू नयेत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे जाळे स्वतःच्याच एका चुकीच्या बदलामुळे सुमारे सहा तास जगभर बंद पडले, तेव्हा कर्मचाऱ्यांची ओळखपत्रे दारांवर चालेनाशी झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. साधनसंपत्तीची कमतरता नसलेल्या कंपनीवर ही वेळ येते, म्हणून दाराचा निर्णय दारापाशीच झाला पाहिजे, याविषयी मी आग्रही आहे.

वीज गेल्यावर काय होते, हे लॉकच्या जातीवर ठरते आणि त्याचा क्लाउडशी संबंध नाही. ईएम लॉक म्हणजे विद्युतचुंबक. वीज गेली की त्याची पकड सुटते आणि दार मोकळे होते. विजेवर चालणाऱ्या काही कड्या याउलट वीज गेल्यावर बाहेरून बंदच राहतात, पण आतून मुठीने उघडतात. माणसांच्या वर्दळीच्या आणि सुटकेच्या वाटेवर पहिला प्रकार योग्य, मौल्यवान मालाच्या खोलीवर दुसरा. १२ व्होल्टचे सर्वसाधारण ईएम लॉक साधारण अर्धा अँपिअर प्रवाह घेते, म्हणजे ७ अँपिअर-अवरची बॅटरी त्या एकट्या लॉकला कागदोपत्री १४ तास पुरते. कंट्रोलर आणि रीडरचा भार व बॅटरीचे वय धरले तर त्याच्या निम्म्यावरच भरवसा ठेवावा. महावितरणची वीज रात्रभर येत नाही असा आपला अनुभव असेल, तर मोठी बॅटरी घ्यावी किंवा यंत्रणा इन्व्हर्टरवर टाकावी. इंटरनेटचा राउटरही त्याच इन्व्हर्टरवर घ्यावा, कारण लाइट गेली म्हणून राउटर बंद आणि राउटर बंद म्हणून नेट बंद, अशीच साखळी बहुतेक ठिकाणी असते.

आत अडकण्याची आपली भीती रास्त आहे आणि त्याबाबत कोणतीही तडजोड करू नये. सुटकेच्या मार्गावरील दार आतल्या बाजूने किल्लीवाचून उघडता आले पाहिजे, असे २०१६ ची राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. त्यासाठी दाराच्या आत एक्झिट बटण असते. त्याच्या जोडीला काच फोडून दाबायचे किंवा ओढायचे आपत्कालीन स्विच असावे आणि ते लॉकचा वीजपुरवठा थेट तोडणारे असावे. आगीच्या अलार्मची जोडणीही तशीच प्रत्यक्ष तारेने लॉकच्या पुरवठ्याला करावी. अलार्मचा संदेश आधी क्लाउडला, मग क्लाउडकडून दाराला, अशी रचना कोणी सुचवली तर तो प्रस्ताव परत करावा.

आता पुराविषयी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे लक्ष्मीपुरीतल्या माणसाला सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग अनेक दिवस बंद होता आणि जुलै २०२१ मध्येही तो पाण्याखाली गेला. अशा वेळी तळमजल्यावरचा सर्व्हर पाण्यात गेला तर दारे जातातच, शिवाय वर्षानुवर्षांच्या नोंदीही जातात. क्लाउडचा लाभ येथे ठळकपणे दिसतो : उपकरणे भिजली तरी माणसांची यादी, परवानग्या आणि नोंदी शाबूत राहतात, आणि नवा कंट्रोलर बसवला की जुनी माहिती त्यात उतरवता येते. मालक रस्ता बंद झाल्याने पलीकडे अडकला असेल, तरी गोदामातून माल वरच्या मजल्यावर हलवण्यासाठी शेजारच्या विश्वासू माणसाला काही तासांपुरती परवानगी देता येते, अर्थात वीज आणि नेट टिकून असेपर्यंत. म्हणून कंट्रोलर आणि बॅटरी आपल्या भागातल्या माहीत असलेल्या पूररेषेच्या वर, शक्य तर पहिल्या मजल्यावर बसवावी आणि एका दाराला साधी यांत्रिक किल्ली ठेवून ती इमारतीबाहेर राहणाऱ्या विश्वासू माणसाकडे मोहोरबंद पाकिटात द्यावी.

मात्र डेटा सेंटर म्हणजे अभेद्य जागा, असेही समजू नये. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक इमारत पूर्ण जळाली आणि ज्या ग्राहकांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती त्यांची माहिती कायमची गेली. आपल्या नोंदींची प्रत किती ठिकाणी आणि कोणत्या शहरांत ठेवली जाते, हे विक्रेत्याला लेखी विचारावे.

प्रश्न : माझे राजारामपुरीत दंतवैद्यकीय क्लिनिक आहे. आम्ही पाच जण काम करतो. मला अशी यंत्रणा घ्यावी लागेल का?
— एक डॉक्टर

उत्तर : बहुधा नाही. एकच दार, ओळखीची माणसे आणि एकाच वेळी उघडणे-मिटणे असेल तर चांगले कुलूप आणि किल्ली कोणाकडे आहे याची वही पुरे. दुसरे क्लिनिक सुरू केलेत, किंवा सफाईची माणसे रात्री आपल्या गैरहजेरीत येऊ लागली, तर पुन्हा विचार करावा.

प्रश्न : आमच्याकडे दहा वर्षांपूर्वीची कार्डे आणि रीडर आहेत. विक्रेता म्हणतो, तेच ठेवून फक्त सॉफ्टवेअर क्लाउडवर नेऊ, खर्च वाचेल. हे बरोबर आहे का?
— मेंटेनन्स विभागातील अभियंता, गोकुळ शिरगाव

उत्तर : खर्च वाचेल, पण सुरक्षितता जिथे होती तिथेच राहील. आपली जुनी जाड पांढरी कार्डे १२५ किलोहर्ट्झची असतील तर त्यांत फक्त एक क्रमांक असतो. रीडरजवळ नेले की कार्ड तो कोणालाही सांगते आणि त्याची नक्कल करणारे छोटे यंत्र सहज मिळते. १३.५६ मेगाहर्ट्झची कार्डेही सगळी सारखी नाहीत. मायफेअर क्लासिक या फार पसरलेल्या कार्डाची गुप्तलेखन पद्धत नेदरलँड्समधील राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्येच भेदून दाखवली होती, तरी ती कार्डे अजून विकली जातात. नव्या खरेदीत एईएस कूटपद्धती वापरणारी, उदाहरणार्थ डेसफायर जातीची, कार्डे मागावीत.

रीडर आणि कंट्रोलर यांच्यामधील तारही तपासा. जुनी वीगँड जोडणी क्रमांक उघड्यावर पाठवते आणि रीडर भिंतीवरून काढला तर कंट्रोलरला त्याची चाहूल लागत नाही. ओएसडीपी ही नवी पद्धत, जी २०२० मध्ये आयईसी ६०८३९-११-५ या आंतरराष्ट्रीय मानकात आली, त्या तारेवरचा संवाद कूटबद्ध करू शकते आणि रीडर गप्प झाला तर ते कळवते. फाउंड्रीच्या लांबलचक शेडमध्ये आणखी एक उपयोग आहे : वीगँडची तार साधारण १५० मीटरपर्यंतच नेता येते, तर ओएसडीपी ज्या आरएस-४८५ जोडणीवर चालते ती १,२०० मीटरपर्यंत जाते.

एकदम सगळे बदलणे परवडत नसेल तर दोन्ही प्रकारची कार्डे वाचणारे रीडर बसवून कार्डे विभागवार बदलावीत, आणि जुनी कार्डे कोणत्या तारखेपासून चालणार नाहीत हे पहिल्याच दिवशी फलकावर लावावे. ती तारीख नसली की जुनी कार्डे पुढची दहा वर्षेही चालू राहतात.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या शाखांत हजेरीसाठी आणि स्ट्राँग रूमसाठी बोटांचे ठसे वापरावेत, असा प्रस्ताव संचालक मंडळापुढे आहे. ठसे क्लाउडवर जाणार म्हटल्यावर कर्मचारी नाराज आहेत. कायदा काय सांगतो आणि आपला सल्ला काय?
— एक व्यवस्थापक, कोल्हापूर

उत्तर : कर्मचाऱ्यांची नाराजी मला पटते. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, कार्ड हरवले तर रद्द करता येते. बोट बदलता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये बायोस्टार २ या वेबवर चालणाऱ्या प्रवेश-नियंत्रण यंत्रणेचा माहितीसाठा संशोधकांना पुरेशा संरक्षणाविना उघडा आढळला आणि त्यात १० लाखांहून अधिक लोकांचे ठसे असल्याचे त्यांनी जाहीर केले. त्यामुळे ठसा घ्यायचाच असेल तर तो कोठे राहतो, हा प्रश्न आधी सोडवावा. ठशाचे चित्र न साठवता त्यापासून तयार केलेला गणिती नमुना साठवणे ही किमान अपेक्षा आहे. तो नमुना कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या कार्डातच ठेवून रीडरने बोट आणि कार्ड जागेवरच ताडून पाहणे, ही त्याहून चांगली पद्धत आहे. त्या पद्धतीत क्लाउडला फक्त "अमुक कार्ड, अमुक वेळ, प्रवेश दिला" एवढेच कळते.

कायद्याच्या बाजूने पाहता, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांचा अवधी दिला गेला. नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरण्यास या कायद्यात वाव आहे. परंतु माहितीचे रक्षण करण्याची जबाबदारी संस्थेचीच राहते, जरी ती माहिती दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असली तरी. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हेतू संपल्यावर माहिती पुसणे हेही कर्तव्य आहे, म्हणून निवृत्त कर्मचाऱ्याचा ठसा यंत्रणेतून केव्हा जाईल, हे ठरावातच लिहावे. याखेरीज सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. सेवा देणारी कंपनी आपल्याला किती तासांत कळवणार, हे करारात नसेल तर ते सहा तास आपल्या हाती राहत नाहीत.

स्ट्राँग रूमसाठी माझा सल्ला कार्ड आणि पिन असे दोन घटक, तेही दोन अधिकाऱ्यांनी एकत्र वापरायचे, असा आहे. रोजच्या हजेरीसाठी ठसा घेण्याची गरज मला दिसत नाही. फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये तर झिजलेल्या, तेलकट बोटांचे ठसे वाचले जात नाहीत आणि पाळी बदलताना दारापुढे रांग लागते, म्हणून तिथेही कार्डच बरे.

व्यवस्थापकाच्या खात्याविषयी एक सूचना केल्याशिवाय राहवत नाही. मार्च २०२१ मध्ये व्हर्काडा या क्लाउडवर कॅमेरे चालवणाऱ्या अमेरिकी कंपनीत सर्वाधिकार असलेल्या खात्याची माहिती बाहेर पडली आणि हल्लेखोरांना ग्राहकांचे सुमारे १,५०,००० कॅमेरे पाहता आले. ज्या खात्यातून सर्व शाखांची दारे उघडतात, त्याला पासवर्डशिवाय दुसरी पडताळणी असलीच पाहिजे, ते खाते संगणक दुरुस्त करणाऱ्यासह चौघांत वाटलेले नसावे, आणि त्यातून केलेला प्रत्येक बदल नोंदला जावा. विक्रेत्याचे तंत्रज्ञ आपल्या खात्यात केव्हा शिरतात, हेही त्या नोंदीत दिसले पाहिजे.

प्रश्न : मी एका खाजगी कंपनीत नोकरी करते. आमच्याकडे दार उघडण्यासाठी स्वतःच्या मोबाइलमध्ये ॲप घ्यायला सांगितले आहे. त्यातून मी दिवसभर कोठे आहे, हे कंपनीला कळेल का? नाही म्हणण्याचा मला हक्क आहे का?
— एक वाचक, ताराबाई पार्क

उत्तर : ॲप ब्लूटूथ किंवा एनएफसीवर (फोन रीडरजवळ नेल्यावर चालणारी जोडणी) दाराशी बोलते आणि दारापाशी नोंद होते, तेवढी कार्डानेही झालीच असती. त्यापलीकडे ॲपने ठिकाणाची परवानगी कायमस्वरूपी मागितली असेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ती "फक्त ॲप वापरताना" अशी करावी आणि तरीही दार उघडते का ते पाहावे. बहुधा उघडते. काही फोनमध्ये ब्लूटूथ वापरण्यासाठीच ठिकाणाची परवानगी मागितली जाते, त्यामुळे केवळ मागणीवरून गैरहेतू गृहीत धरू नये.

नोंदी कशासाठी वापरल्या जातील आणि किती काळ ठेवल्या जातील, हे लेखी विचारण्यात गैर काहीच नाही आणि मनुष्यबळ विभागाने त्याचे उत्तर देणे उचित आहे. सुरक्षिततेसाठी घेतलेल्या नोंदींवरून कोण किती वेळा जागेवरून उठले याचा हिशेब मांडणे मला सर्वस्वी अयोग्य वाटते. स्वच्छतागृह आणि विश्रांतीच्या खोलीच्या दारांवर रीडर असूच नयेत. स्वतःच्या फोनमध्ये ॲप नको असेल तर कार्ड मागावे. मोबाइलवर चालणाऱ्या बहुतेक यंत्रणांत कार्डाची सोय असते, आणि फोनची बॅटरी संपलेल्या माणसासाठी ती कंपनीला तशीही ठेवावी लागते. मालकवर्गातील वाचकांनीही याची नोंद घ्यावी : ज्या यंत्रणेविषयी लोकांच्या मनात शंका असते, तिथे दाराला विटेचा तुकडा लावून ते उघडे ठेवण्याची युक्ती आठवडाभरात सापडते.

प्रश्न : दर महिन्याला प्रत्येक दारामागे भाडे भरायचे, हे आमच्या भागीदारांना मान्य नाही. एकदाच पैसे देऊन यंत्रणा घेणे स्वस्त पडणार नाही का? आणि उद्या ती कंपनीच बंद पडली तर?
— एक भागीदार, कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहत

उत्तर : एका जागेवर, मोजक्या दारांसाठी आणि संगणक सांभाळणारा माणूस घरचाच असेल, तर एकदा पैसे देऊन घेतलेली यंत्रणा स्वस्त पडू शकते, ते मान्य करायला हवे. तुलना मात्र पाच वर्षांच्या खर्चाची करावी. एका बाजूला भाडे आणि दुसऱ्या बाजूला सर्व्हरचा संगणक, त्याचा यूपीएस, सॉफ्टवेअरचा वार्षिक देखभाल करार, स्थिर आयपी, बॅकअप, आणि बिघाड झाल्यावर पुण्याहून येणाऱ्या तंत्रज्ञाची फेरी, हे सगळे मांडावे. रीडर, कंट्रोलर, लॉक आणि तारांचा खर्च दोन्हीकडे सारखाच असतो, तो वगळला तरी चालेल. जागा दोनपेक्षा अधिक असतील किंवा कंत्राटी माणसांची संख्या मोठी असेल, तर पारडे बहुधा क्लाउडकडे झुकते.

कंपनी बंद पडण्याची शंका अधिक गंभीर आहे. काही कंट्रोलर एकाच कंपनीच्या क्लाउडशी बोलतात. ती सेवा थांबली की ते उपकरण भंगारात जाते. मर्क्युरी या कंपनीच्या कंट्रोलरसारखे काही कंट्रोलर अनेक वेगवेगळ्या सॉफ्टवेअरखाली चालतात, त्यामुळे सेवा देणारा बदलला तरी भिंतीवरचा माल वाया जात नाही. भाडे थकले तर दारांचे काय होईल, हेही आधीच विचारावे : कंट्रोलर जुन्या परवानग्यांवर चालू राहिला पाहिजे. करार संपताना माणसांची यादी आणि सर्व नोंदी एक्सेलमध्ये उघडतील अशा स्वरूपात मिळाव्यात, त्यासाठी किमान मुदत ठरलेली असावी, आणि नंतर त्यांच्याकडची प्रत पुसल्याचे लेखी मिळावे.

भागीदारांची खात्री पटवण्यासाठी कागदांपेक्षा एका दाराची चाचणी उपयोगी पडेल. विक्रेत्याला एका दारावर यंत्रणा बसवायला सांगा आणि त्याच्या समोर राउटरची तार काढा. कार्ड चालले पाहिजे. तार काढलेली असतानाच दहा-बारा वेळा ये-जा करा, मग ती पुन्हा जोडून त्या सगळ्या नोंदी योग्य वेळेसह वर दिसतात का ते पाहा. नंतर मेन स्विच बंद करून बॅटरीवर दार किती तास टिकते ते मोजा, आणि शेवटी आतून आपत्कालीन स्विच दाबून दार तत्क्षणी सुटते का ते तपासा. ही चाचणी ऑर्डरवर सही करण्यापूर्वी घ्यावी. आगाऊ रक्कम दिल्यानंतर तिच्यासाठी विक्रेत्याकडे वेळ मिळणे कठीण जाते.